दोनदा थोपटलं की सोडायचं

आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. परवा ज्युदोच्या सरावात माझ्यापेक्षा दहा किलोनं हलक्या पोरीनं माझीच कॉलर माझ्या गळ्याभोवती आवळली. मी मॅटवर दोनदा हात थोपटला असता तर तिनं लगेच सोडलं असतं. पण म्हटलं, पोरीसमोर काय थोपटायचं, सुटतो की आत्ता! पुढचं आठवतं ते छत, आणि माझे पाय वर धरून उभे असलेले सर. त्या दिवशी त्यांनी मला परत मॅटवर येऊ दिलं नाही.

चोकमध्ये श्वास कोंडतो असं आपल्याला वाटतं. पण नीट बसलेला चोक मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. फारसं दुखतही नाही, म्हणून तर फसायला होतं.

मग घरी बसून विचार करत होतो, की इतकी धोक्याची गोष्ट आपण रोज संध्याकाळी हसत-खेळत करतो ती कुणाच्या जिवावर?

तर चला टोकियोला. साल १८७७. कानो जिगोरो नावाचा सतरा वर्षांचा विद्यार्थी, अंगानं किरकोळ, शाळेत मार खाल्लेला. सामुराईंचा जमाना संपला होता, जुजुत्सु शिकायला कुणी फिरकत नव्हतं. कानोनं फुकुदा हाचिनोसुके हे गुरू गाठले. हा विचारायचा, "हात कुठे ठेवायचा? पाय कुठे?" गुरुजी उत्तर म्हणून त्याला पुन्हा उचलून आपटायचे. करत राहशील तसं कळेल, एवढंच.

तिथे एक वजनदार सहकारी त्याला काही केल्या हलेना. कानोनं सुमोचे डाव करून पाहिले, मग थेट ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन फेकलं. तो डाव म्हणजे काता-गुरुमा. आपल्या तालमीतला कलाजंग पाहिलाय ना? त्याचाच भाऊबंद.

१८८२ मध्ये एइशोजी मंदिरात १२ चटयांच्या जागेत, नऊ विद्यार्थ्यांवर त्यानं कोदोकान सुरू केलं. पुढे एके दिवशी त्यानं आपल्या नंतरच्या एका गुरूंना, इइकुबोंना, एकामागून एक डाव टाकून पाडलं. गुरूंनी विचारलं, हे कसं? युक्ती साधी होती: फेकायच्या आधी समोरच्याचा तोल बिघडवायचा. आमचे सर आजही तेच ओरडतात, "आधी तोल काढ रे!"

पण मला त्याची खरी हुशारी वेगळ्याच ठिकाणी दिसते. रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज, जुजुत्सुमध्ये आधीपासून होती. कानोनं तिला सरावाच्या मधोमध आणून बसवलं. ठोसे, लाथा असले प्रकार तिच्यातून काढून ठरलेल्या हालचालींच्या कातामध्ये ठेवले. उरलं ते पूर्ण जोरानं करता येऊ लागलं. चोक मात्र राहिला. तो हळूहळू आवळता येतो आणि थोपटलं की त्याच क्षणी सोडता येतो. मात्र थोपटायचं खालच्याला, आणि सोडायचं वरच्याला.

काल परत गेलो. तीच पोरगी, तोच चोक. या वेळी थोपटलं. जरा लवकरच थोपटलं म्हणे, ती हसत होती.