तीन प्लगवर चालणारी फियाट

चार सिलेंडरची गाडी तीनवर चालू लागली की ते आधी कानाला कळतं. सायलेन्सरचा एकसुरी आवाज मध्येच ठेचकाळतो, बॉनेट थरथरतं, आणि चढावर पाय कितीही दाबला तरी गाडी ओढत नाही. मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत याला ‘गाडी मिसिंग मारतेय’ म्हणतात. एके काळी हा दोष शोधायला गॅरेज गाठायची गरज नव्हती. इमारतीच्या आवारात रविवारी सकाळी बाही सरसावून बॉनेटमध्ये वाकलेले बँकेतले साहेब किंवा शाळेचे मुख्याध्यापक प्लगचा पाना आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर तो शोधत.

ही हौस नव्हती, नाइलाज होता. शिवडीला 1928 पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला, कारण नुसती जोडणी करणाऱ्यांना देशात थारा द्यायचा नाही असं सरकारी धोरण ठरलं. उरले मोजके कारखानदार. त्यांत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघू लागली. 1964 मध्ये तिचं ‘डिलाइट’ मॉडेल आलं, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. नाव बदललं तरी 1089 सीसीचं इंजिन तेच राहिलं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळालेली गाडी माणूस वीस-पंचवीस वर्षं विकत नसे. तिच्या पोटात काय आहे हे मालकाला कळायलाच हवं होतं. शिवाय तीस वर्षं एकच इंजिन रस्त्यावर असल्यामुळे बापाने शिकलेलं मुलाच्याही कामी येई.

त्या इंजिनातली ठिणगीची व्यवस्था फियाटहून खूप जुनी. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी मॅग्नेटोऐवजी बॅटरी आणि कॉइल वापरली आणि 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. कुर्ल्याची फियाट शेवटपर्यंत याच धर्तीवर चालली. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉइलमधून हजारो व्होल्टचा करंट सुटतो, आणि फिरता रोटर तो एक-तीन-चार-दोन या क्रमाने प्लगांना वाटतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. त्यातली दर चौथी ठिणगी चुकली की गाडी मिसिंग मारते.

शोधायची रीत साधी आणि तर्कशुद्ध. इंजिन संथ चालू ठेवायचं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढायची. चांगल्या प्लगची वायर निघाली की इंजिन आणखी अडखळतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, ते सिलेंडर मेलेलं. मग त्याचा प्लग काढून शेजारच्या सिलेंडरला लावायचा. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग खराब. जागच्या जागी राहिला, तर वायर आणि कॅप तपासायची. तिथेही काही सापडलं नाही तर प्रकरण व्हॉल्व्हचं किंवा गॅस्केटचं, म्हणजे खर्चाचं. डॉक्टरही रोग असाच एकेक शक्यता वगळत शोधतो. सावध माणूस आधी वायरींवर आकडे लिहून ठेवी, कारण दोन वायरींची अदलाबदल झाली की सायलेन्सरमधून फटाके वाजत आणि शेजारी गॅलरीत येत.

काढलेला प्लग बोलतोही. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडतोय. तेलकट ओलं असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पांढरंफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय. चारही प्लग ओळीने वर्तमानपत्रावर मांडले की इंजिनची कुंडलीच समोर येई. या कामात माझ्या मते अनुभवापेक्षा सबुरी महत्त्वाची: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ऐकायचं. घाईने पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग एकदमच बदलणाऱ्याला गाडी सुधारली तरी दोष कशात होता हे कळत नसे.

मुंबईच्या पावसाने या विद्येत स्वतःचा धडा घातला. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून बाहेर पडलेली फियाट धक्के देत थांबली, तर टॅक्सीवाला आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून कोरड्या फडक्याने आतून पुसे. ओलाव्यातून किंवा कॅपच्या बारीक तड्यातून करंट भलतीकडे पळतो. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडलं तर वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसत. बोरघाटातला आजार मात्र वेगळा. तिथे उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पंप अडे, आणि लोक उगाच प्लग काढत बसत. खरा इलाज पंपावर ओलं फडकं ठेवून थांबण्याचा होता.

टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा जुनी वायरिंग आणखी उघडी पडली, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. पेट्रोलवर खपून जाणारा थकलेला प्लग गॅसवर लगेच दगा देई. पुढे वीस वर्षांची वयोमर्यादा आली. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. बहुतेकांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि दोष संगणक सांगतो. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून ही तपासणी सक्तीची झाली. भारतात ती एप्रिल 2010 आणि एप्रिल 2013 अशा दोन टप्प्यांत आली. जळालं नाही ते पेट्रोल धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, म्हणून चुकलेल्या ठिणगीवर एवढी पाळत. गंमत अशी, की संगणकही तेच मोजतो जे पूर्वी कान मोजत असे: एक स्फोट चुकला की क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर पडतो. स्कॅनरवर ‘पी 0302’ उमटलं तर दुसरं सिलेंडर चुकतंय एवढंच कळतं. का, ते पुन्हा कॉइल तिसऱ्यावर लावून पाहावं लागतं.

दारात अजून फियाट किंवा अँबॅसॅडर असेल आणि तिला पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल, तर जुन्या सवयीने प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन चालवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर आतलं मॉड्यूल जळू शकतं. आधी इंजिन बंद करा, वायरीच्या टोकाला एक जुना प्लग लावून तो इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवून बांधा, मगच स्टार्टर मारा.