रेल्वे सदृशक, मुक्तस्रोत
रेल्वे सदृशक, मुक्तस्रोत : लोहमार्ग, एंजिने, डबे, संकेतयंत्रणा व भूप्रदेश यांची गणितीय प्रतिरूपे संगणकावर एकत्र चालवून गाडी हाकण्याचा अनुभव देणारी आणि जिची मूळ संहिता कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वाटता येते अशी आज्ञावली. ‘ओपन रेल्स’ हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण होय. खेळ म्हणून तिची गणना होत असली, तरी लोहमार्गाच्या इतिहासाचे एक साधन म्हणूनही तिचा विचार करणे आवश्यक आहे.

ओपन रेल्सचा उगम एका व्यापारी खेळाच्या अवसानात आहे. कुजू एंटरटेन्मेंट या ब्रिटिश संस्थेने घडविलेला ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यूरोप, अमेरिका व जपान येथील सहाच मार्ग होते. तथापि नवे मार्ग रचण्याची साधने सोबत दिल्यामुळे जगभरच्या हौशी रचनाकारांनी त्यात हजारो एंजिने, डबे व मार्ग यांची भर घातली. या भरीस ‘ॲड-ऑन’ म्हणतात. खेळाची दुसरी आवृत्ती २००३ मध्ये जाहीर होऊन रद्द झाली. २००७ मध्ये पुन्हा घोषित झालेली आवृत्तीही २००९ च्या आरंभी ती घडविणारा विभागच बंद झाल्याने बारगळली. मूळ आज्ञावली थांबली, पण तिच्यासाठी निर्माण झालेले साहित्य शिल्लक राहिले. ते चालविता यावे म्हणून स्वयंसेवकांनी सी-शार्प भाषेत नवी आज्ञावली लिहिली. तिची १.० ही आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. ती जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली वितरित होते. एखाद्या वाद्याचा कारखाना बुडावा आणि वादकांनीच ते वाद्य नव्याने घडवावे, तसा हा प्रकार आहे.

परदेशी मार्गांसाठी आखलेली ही चौकट भारतीय लोहमार्गास लावताना काय करावे लागते, हे खानदेशच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांत लोहमार्गांचे बहुतेक सर्व प्रकार आढळतात : भुसावळ प्रस्थानकातून जाणारा जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हमरस्ता, सुरतेकडून अमळनेरमार्गे जळगावास येणारा, १९०० मध्ये पूर्ण झालेला तापी खोऱ्याचा मार्ग, त्याच वर्षी सुरू झालेला चाळीसगाव–धुळे हा सु. ५६ किमी. लांबीचा फाटा, आणि जवळजवळ तितक्याच लांबीचा पाचोरा–जामनेर हा ७६२ मिमी. मापाचा अरुंद मार्ग.

सदृशकातील भूमी २,०४८ मी. बाजूच्या चौरसांत विभागलेली असते. धुळ्याचा फाटा सरळ रेषेत धरला, तरी त्यास किमान २८ चौरस लागतात. प्रत्येक चौरसात ८ मी. अंतरावर उंचीचे बिंदू असतात. म्हणजे एका चौरसात ६५,५३६ बिंदू. ही उंची बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने केलेल्या रडार-मापनातून घेतात. भारतासाठी हे मापन प्रथम सु. ९० मी. अंतराने उपलब्ध होते, म्हणजे एका चौरसात मोजलेले बिंदू सव्वापाचशेच्या आसपास. उरलेले सर्व अंदाजाने भरलेले. शिवाय उंचीत १६ मी. पर्यंत चूक गृहीत धरलेली असते. सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यातून चांगले उमटतात. काळ्या जमिनीवरचा दोन-तीन मीटरांचा भराव किंवा नाल्यावरची मोरी मात्र हरवते. म्हणून रूळ आधी स्वतंत्रपणे मांडून भूमी त्यास जुळवून घेतात, आणि चढउतारांचे आकडे मार्गालगतच्या खुणांवरून घ्यावे लागतात. रावेर-सावद्याच्या केळीबागाही रचनाकारास स्वतःच रेखाटाव्या लागतात. मूळ खेळातील झाडे परदेशी भूप्रदेशांसाठी केलेली होती.

मापाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मूळ खेळाचा रूळ १,४३५ मिमी. मापाचा, भारतीय रुंद माप १,६७६ मिमी. म्हणून दोन्ही भारतीय मापांसाठी रुळांच्या वेगळ्या आकृती कराव्या लागतात. ओपन रेल्समध्ये वक्र मार्गावरील रोध व वेगमर्यादा यांच्या गणनेतही मापाचा विचार होतो. त्यामुळे जामनेरची गाडी केवळ लहान आकाराची दाखवून भागत नाही. संकेतांसाठी भारतीय नियमांनुसार स्वतंत्र सूचनालेख लिहावे लागतात. गतिरोधकांबाबत निष्काळजीपणा विशेष दिसतो. भारतातील जुन्या गाड्यांना निर्वात गतिरोधक होते, त्यांची जागा पुढे हवेच्या गतिरोधकांनी घेतली. हा कालभेद पुष्कळ ॲड-ऑनांत पाळलेला नसतो. एखाद्या अमेरिकी एंजिनाचे गुणधर्म जसेच्या तसे घेऊन त्यावर भारतीय एंजिनाची आकृती चढविण्याची प्रथाही आढळते. डब्ल्यूडीएम-२ हे डीझेल एंजिन मुळात अमेरिकेच्या ॲल्को कंपनीच्या आराखड्याचे असल्याने त्याच्याबाबत ही चूक काहीशी क्षम्य म्हणता येईल. डब्ल्यूएपी-४ या विद्युत् एंजिनाबाबत ती म्हणता येणार नाही.

आज्ञावली मुक्त असली, तरी ॲड-ऑन तसे असतातच असे नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक रचनाकार आपल्या अटी स्वतः ठरवतो. पुष्कळ साहित्य विनामूल्य मिळते, पण त्यात बदल करण्यास किंवा ते पुन्हा वाटण्यास मनाई असते. काहीत मूळ व्यापारी खेळातील चित्रे व ध्वनी वापरलेले असतात. रचनाकाराशी संपर्क तुटला, की त्याच्या मार्गातील चुकीचा चढ किंवा चुकीचा संकेत कायदेशीरपणे सुधारून वाटता येत नाही.

पाचोरा–जामनेर मार्गाच्या संदर्भात या अटींना वेगळे महत्त्व येते. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे जोडणाऱ्या या मार्गावरील वाहतूक २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. पुढे तो रुंदमापी करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली. रूळ उखडल्यावर जुनी वळणे, फलाटांची उंची आणि सांध्यांची जागा मोजण्यास काहीच उरत नाही. ज्यांनी ही मोजमापे व एंजिनाच्या शिट्टीचे ध्वनिमुद्रण वेळीच केले असेल, त्यांनी ते मुक्त परवान्याखाली ठेवले तरच दुसऱ्या कोणास त्यावर पुढचे काम करता येईल.