युद्धाची आठवण कोण ठेवतं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी आपण आज युद्धाच्या आठवणीचा विचार करतोय. उदाहरण घरचंच घेऊ : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

१९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर धाडले. चौघे परतले. कोटणीस माओंच्या आठव्या रूट आर्मीत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिकडेच वारले. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, नायकही तेच. आपल्या पिढीला चीन-जपान युद्ध भेटलं ते बहुतेक या पडद्यावरच.

मग १९६२ आलं. 'चीन' या शब्दाचा अर्थच बदलला. डॉक्टर तेच होते, पण त्यांचं नाव घ्यायला आता मैत्रीचं निमित्त लागू लागलं. चीनने त्यांचं टपाल तिकीट १९८२ मध्ये काढलं, आपण १९९३ मध्ये. सीमेवरच्या शांततेचा करार झाला तोही १९९३ मध्येच. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात, पेपरात फोटो येतो.

यातलं काहीच खोटं नाही. पण काय आठवायचं आणि कधी, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. जखमी शिपायाला टाके घालताना डॉक्टरांपुढे कुठलाही करार नव्हता. म्हणून पुढच्या वेळी त्यांचा फोटो दिसला, की आपण विचारू या : आजच का? आणि ज्या वर्षी तो दिसणार नाही, त्या वर्षी ९ डिसेंबर आपण सोलापूरकरांनी पाळायचा.