किरणकवचाची कुळकथा

तुळशीच्या पानांत किरणोत्सर्गाला तोंड देण्याचे सामर्थ्य आहे, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. परंतु या विद्येचा मूळपुरुष धुंडू गेल्यास तो वृंदावनात न सापडता अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत सापडतो. १९४९ साली हार्वे पॅट व त्यांचे सहकारी यांनी सिस्टीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल क्ष-किरणांच्या माऱ्यापूर्वी उंदरांना दिले, तेव्हा एरवी मेले असते असे पुष्कळ उंदीर जगले. तेच द्रव्य माऱ्यानंतर दिले, तेव्हा मात्र काहीएक उपयोग झाला नाही.

सगळी मेख या ‘आधी’त आहे. किरण पेशीतील पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल हे मुक्त मूलक जन्मते, आणि सेकंदाच्या अब्जांशाएवढ्या आयुष्यात ते डीएनएचा धागा तोडून मोकळे होते; चोर पसार झाल्यावर पंचनाम्यास आलेल्या फौजदाराकडून ऐवज वाचत नाही. प्राणवायूचे विष व क्ष-किरणांचा घाव यांची रीत एकच, हे रेबेका गर्शमन यांनी १९५४ मध्ये मांडले, तेव्हा प्रतिऑक्सिडीकारकांना, म्हणजे मुक्त मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांना, या कुळात रीतसर सनद मिळाली.

पुढे अणुयुद्धाच्या धास्तीने अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने चार हजारांहून अधिक संयुगे तपासली. त्यांतून निघालेल्या अमिफॉस्टिनला किरणोपचारात रुग्णाची लाळ आटू नये म्हणून १९९९ मध्ये सरकारी मंजुरीही मिळाली. पण रक्तदाब उतरवणे आणि ओकाऱ्या आणणे हे त्याचे दुर्गुण काही सुटले नाहीत. सौम्य द्रव्याच्या शोधात संशोधकांची दृष्टी वनस्पतींकडे वळली, ती अशी.

मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात १९९० च्या दशकात पी. उमा देवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळशीतून ओरिएन्टिन व व्हिसेनिन ही फ्लेव्होनॉइडे वेगळी काढली, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे अवघे ५० मायक्रोग्रॅम, तेही किरण सोडण्यापूर्वी, पोटात टोचून प्राणघातक मात्रेतूनही छोटे उंदीर जगवले. काम खरोखरच नामी होते. मात्र उंदराच्या पोटात टोचलेले शुद्ध द्रव्य आणि माणसाने सकाळी घेतलेला काढा यांची गल्लत करणाऱ्या जाहिरातदारांची मला मौज वाटते.

प्रतिऑक्सिडीकारकांचा माणसांवरचा दाखला हवा, तर तो कॅनडातील क्वेबेकचा आहे. तेथे डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांपैकी काहींना किरणोपचाराच्या काळात बीटा-कॅरोटीन व ई जीवनसत्त्व देण्यात आले. उपचाराचे तीव्र दुष्परिणाम त्यांच्यात कमी झाले खरे. परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात, त्याच रुग्णांमध्ये रोग जागच्या जागी उलटण्याचा कलही अधिक दिसला, कारण निरोगी पेशींबरोबर गाठीलाही तेच कवच लाभत असावे.