मूत्राशयाचे मज्जातंतू आणि विद्युतप्रवाह : एका उपचारपद्धतीची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
वैद्यकाच्या इतिहासात हृदय, मेंदू आणि साथीचे रोग यांना जे स्थान मिळाले, ते मूत्राशयाला कधीच मिळाले नाही. लघवीवरील ताबा सुटणे अथवा ती तुंबून राहणे ही दुखणी माणसे घरच्यांपासूनही लपवितात, त्यामुळे त्यांची नोंद विरळ राहते. प्रस्तुत लेखात मज्जातंतूंना सौम्य विद्युतप्रवाह देऊन मूत्राशयाचे व श्रोणितळाचे विकार आटोक्यात आणणाऱ्या पद्धतीचा मागोवा घेतला आहे. आज ही पद्धत ज्या कामी येते, त्या कामासाठी ती मुळात शोधली गेलीच नव्हती, हे येथे प्रामुख्याने दाखवावयाचे आहे.

मूत्राशय चालविण्याचे प्रयत्न :
डेन्मार्कमधील शल्यविशारद सॅक्स्टॉर्फ यांनी 1878 साली धातूचा इलेक्ट्रोड नळीवाटे थेट मूत्राशयात घालून शिथिल पडलेल्या मूत्राशयाला विजेने जागविण्याचा प्रयत्न केला. पुढे 1963 मध्ये इंग्लंडमधील कॉल्डवेल यांनी, ताबा राखणाऱ्या संकोचक स्नायूला चेतना देणारे उपकरण शरीरात बसविल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. मात्र या विषयाला खरी निकड आली ती युद्धातील जखमींमुळे. मज्जारज्जू तुटलेला सैनिक पहिल्या घावातून वाचला, तरी तुंबलेली लघवी, तिच्यातील जंतुसंसर्ग आणि निकामी होणारी मूत्रपिंडे त्याचा जीव घेत. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी केंद्र सुरू केले आणि हे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. साहजिकच त्यांचे मूत्राशय रिकामे कसे करावयाचे, हा प्रश्न पुढे आला.

यातील अडचण शरीररचनेतच होती. त्रिकास्थीतून निघणारी दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाची मज्जामुळे मूत्राशयाच्या भिंतीलाही जातात आणि मूत्रमार्ग बंद करणाऱ्या स्नायूलाही. तेथे वीज दिली की दोन्ही एकदमच आवळतात. आतून दार ढकलावे आणि त्याच क्षणी बाहेरून कडी लावावी, तसा हा प्रकार. लंडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी काढलेला तोड साधा, पण मार्मिक होता. संकोचक स्नायू चटकन आवळतो व चटकन सुटतो. मूत्राशयाचा स्नायू मंदगती असतो. म्हणून वीज सलग न देता थांबून थांबून दिली, तर मधल्या विरामात संकोचक सैल पडतो, मूत्राशयातील दाब मात्र टिकून राहतो आणि लघवी बाहेर येते. बबून माकडांवरील प्रयोगांनंतर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे उपकरण रुग्णांत बसविले गेले.

त्याची किंमतही मोठी होती. मूत्राशयाचे अवेळी आकुंचन थांबविण्यासाठी बहुधा मागची संवेदक मुळे कापावी लागत. त्याबरोबर उरलीसुरली संवेदना आणि पुरुषांमधील प्रतिक्षिप्त लिंगताठरताही जाई. दुसरीकडे, 1972 मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडीस यांनी रुग्णाने दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली. प्रस्तुत लेखकाच्या मते या स्वस्त नळीने अधरांगवाताच्या रुग्णांचे जितके भले केले, तितके कोणत्याही विद्युतयंत्राने केलेले नाही.

दिशा बदलली :
सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल तानाघो आणि रिचर्ड श्मिट यांनीही मूत्राशय रिकामे करण्याच्या हेतूनेच कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले होते. त्यात एक वेगळीच गोष्ट लक्षात आली : संकोचक व श्रोणितळाकडील तंतूंना चेतना मिळाली की मूत्राशयाचे अनावर आकुंचन दबते. मूत्राशय चालविणे हे उद्दिष्ट होते. हाती लागले ते त्याला शांत करण्याचे साधन. 1980 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळाजवळ इलेक्ट्रोड बसविण्यास सुरुवात केली. इलेक्ट्रोड योग्य जागी पोहोचल्याची खूण म्हणजे श्रोणितळ आत ओढला जाणे आणि पायाचा अंगठा वाकणे! अमेरिकी औषध प्रशासनाने 1997 मध्ये लघवीची अनावर घाई होऊन ताबा सुटण्याच्या विकारासाठी, 1999 मध्ये वारंवार होणाऱ्या लघवीसाठी व अडथळ्याविना तुंबणाऱ्या लघवीसाठी आणि 2011 मध्ये मलावरील ताबा सुटण्यासाठी या उपचारास मान्यता दिली. मलविकारावरील पहिले निष्कर्ष जर्मनीतील क्लाऊस मात्झेल यांनी 1995 मध्येच मांडले होते.

घाई आणि तुंबणे या परस्परविरुद्ध तक्रारींवर एकच उपाय लागू पडावा, याचे कोडे अजून पूर्ण उलगडलेले नाही. तुंबण्याच्या बाबतीत क्लेअर फाउलर यांचे काम विशेष महत्त्वाचे ठरते. लघवी होत नसलेल्या तरुण स्त्रियांना पूर्वी सर्रास 'हिस्टेरिया'चे निदान चिकटविले जाई. फाउलर यांनी 1980 च्या दशकात लंडन येथे संकोचक स्नायूचे विद्युत आलेख घेतले, तेव्हा त्यांपैकी अनेकींमध्ये तो स्नायू सैलच होत नाही असे आढळले. बाई कांगावा करीत नव्हती, हे सुईच्या टोकाने सिद्ध झाले. पुढे याच स्त्रियांना त्रिकास्थीय चेतनेचा लक्षणीय लाभ झाला.

शस्त्रक्रियेविना जाणारी दुसरी वाट घोट्याजवळून निघाली. 1983 मध्ये एडवर्ड मॅकग्वायर यांनी चिनी सूचिवेधनातील बिंदूचा आधार घेऊन घोट्यामागील मज्जातंतूला त्वचेवरून वीज दिली. पुढे मार्शल स्टोलर यांनी तेथे बारीक सुई योजिली. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे हा उपचार चालतो. 2010 च्या तुलनात्मक चाचणीत 220 रुग्ण होते. खऱ्या उपचाराने सुमारे 55 टक्क्यांना, तर नकली उपचाराने सुमारे 21 टक्क्यांना लक्षणीय आराम पडला. नकली उपचाराचा हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

2019 मध्ये पुनर्भारित होणारे लहान उपकरण आणि 2022 व 2023 मध्ये घोट्यात बसविण्याची उपकरणे मान्य झाली. त्रिकास्थीय उपचारातील एक प्रथा मात्र आरंभापासून टिकून आहे. कायमचे यंत्र बसविण्यापूर्वी काही दिवस तात्पुरती तार घालून पाहतात. त्या दिवसांत रुग्णाने स्वतःच्या वहीत किती वेळा गेलो, किती वेळा ताबा सुटला हे लिहावयाचे असते. निम्म्याहून अधिक सुधारणा त्या वहीत दिसली, तरच पुढची शस्त्रक्रिया होते.