टॅग तटस्थ नसतो

फ्यूजन प्रथिनांबद्दल, म्हणजे दोन प्रथिने सलग जोडून बनवलेल्या प्रथिनांबद्दल, एक समज बारामती-इंदापूरकडच्या बी.एस्सी.च्या वर्गांपासून मोठ्या संशोधनसंस्थांपर्यंत पक्का बसला आहे: आपले प्रथिन तेवढे खरे, त्याला जोडलेला टॅग म्हणजे शुद्धीकरणाच्या कॉलमवर पकडायची मूठ.

पूर्वपक्षात तथ्य आहे. सहा हिस्टिडिनांची शेपटी एक किलोडाल्टनही भरत नाही. ती तशीच ठेवून कितीतरी प्रथिनांच्या स्फटिकरचना निघाल्या. पण तिला मिळालेली सूट सरसकट सगळ्यांना कशी द्यायची? 1988 पासून टॅग म्हणून वापरात असलेले जीएसटी हे शिस्टोसोमा कृमीचे एन्झाइम, सुमारे 26 किलोडाल्टनचे आणि जोडीने राहणारे. त्याला जोडलेले प्रथिनही मग जोडीने वावरते. ‘आमचे प्रथिन द्विरेणू आहे’ म्हणणाऱ्याने आधी जीएसटीची झडती घ्यावी. एमबीपी, म्हणजे माल्टोजला बांधणारे प्रथिन, हा टॅग त्याहून फसवा. द्रावण नितळ दिसते, विद्यार्थी खूश. प्रोटिएझने एमबीपी कापले की कधीकधी नळी दुधाळ होते. आतल्या प्रथिनाची घडी मुळात बसलेलीच नव्हती.

जोडीदार ढवळाढवळ करतो, हेच त्याचे सामर्थ्यही आहे. इंदापुरातल्या तान्ह्या बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लस टोचतात. तिच्यात हिपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठप्रथिन असते. यीस्टमध्ये बनवलेले हे प्रथिन आपणहून कण बांधते. मलेरियाच्या परजीवीच्या सीएसपी प्रथिनाचा तुकडा त्याला जोडून आरटीएस,एस ही लस झाली. मात्र तिच्या कणांत जोडलेल्या एका रेणूमागे सुमारे चार रेणू बिनजोडलेले. ऑक्सफर्डमध्ये घडलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर21 या मलेरियाच्याच लसीत हे मोकळे रेणू नाहीत, म्हणून कणावर मलेरियाचा भाग दाट बसतो. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर21 ची शिफारस केली. (दोन्ही लसींच्या परिणामकारकतेची टक्केवारी शेजारी मांडून निकाल लावू नये; चाचण्यांची परिस्थिती वेगवेगळी होती.) या लसींत ‘वाहक’ म्हटले जाणारे पृष्ठप्रथिनच कणाला आकार देते.

तेव्हा शोधनिबंध वाचताना विचारावे: टॅग दुसऱ्या टोकाला लावून पाहिला का? कापून पाहिला का? नुसत्या टॅगवर तोच प्रयोग केला का? जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या टॅगच्या बाबतीत तर 206 व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी लायसिन घालून त्याची एकमेकांना चिकटण्याची खोड मोडायची सोय केव्हाच झाली आहे. ती न वापरता पेशीत हिरवे ठिपके दिसले म्हणून ‘प्रथिनाचे पुंजके होतात’ असे छापणे मला मान्य नाही.