जिना : लाकडी जमिनीला जुळणारे साहित्य व रंग (बीदर–कलबुर्गी परिसर)

एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणारी पायऱ्यांची रचना. ‘जिना’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, ‘फरशी’ अरबी ‘फर्श’वरून. पायरीला कानडीत ‘मेट्टिलु’ म्हणतात. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांत मालक मराठीत, गवंडी कानडीत आणि फरशीवाला दखनीत बोलतो असे अनेकदा घडते. एका जिन्याची मापे मग तीन भाषांत ठरतात.

या परिसरातील जुन्या वाड्यांत लाकूड भरपूर असले, तरी ते पायाखाली असेलच असे नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर चोपलेली माती असा कडीपाटाचा थर असे. खालच्याला लाकूड दिसे आणि माडीवर चालणाऱ्याला सारवलेली जमीन. उघड्या फळ्यांची माडी सधन घरांत आढळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे यांनी किती माणसे गाडली, ते महाराष्ट्र–कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाहिले. त्यानंतर स्लॅबच्या घरांकडे कल वाढला. आज ‘लाकडी जमीन’ म्हणजे बहुधा स्लॅबवर बसवलेल्या लाकडी वा लॅमिनेटच्या पट्ट्या, नाहीतर लाकडाची रेघ छापलेली टाइल. पाडलेल्या वाड्यांचे सागवानही विकत मिळते. ते पुरते मुरलेले असल्याने पायऱ्यांसाठी नव्यापेक्षा भरवशाचे.

जिन्याचे जुने उत्तर साधे होते. लाकडी जिना थेट जमिनीवर टेकवत नसत. खालच्या एक-दोन पायऱ्या दगडाच्या आणि त्यांवर सागाची शिडीवजा चढण. ओल आणि वाळवी दगडावर अडे. काही वाड्यांत जिना भिंतीच्या जाडीतच घेतलेला असे, अरुंद, अंधारा आणि उभा, वरच्या तोंडाला झडप. अशा जिन्यात रंगाचा प्रश्नच नव्हता. पाय चाचपडत चढायचे.

आता दगडाबद्दल. या जिल्ह्यांचे खरे धन म्हणजे शहाबादी फरशी. कलबुर्गीजवळील शहाबाद, चित्तापूर, सेडम, वाडी या पट्ट्यात भीमा खोऱ्यातील चुनखडीचे आडवे थर आहेत. छिन्नीने थर सुटतो आणि सपाट लादी हाती येते, म्हणून ती स्वस्त. मुंबई–रायचूर लोहमार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि शहाबाद त्याच मार्गावर असल्याने हा दगड सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत गेला. महाराष्ट्रात कित्येकांना गावाचे नाव ठाऊक नसते, पण पायाखालची फरशी ठाऊक असते. शेजारच्या तेलंगणातील तांडूरची निळी व पिवळी फरशीही इथे चालते. काळा कडप्पा आंध्रातून येतो.

शहाबादीचा रंग करडा, निळसर झाक असलेला, क्वचित फिकट पिवळट. साग पिवळा-तांबूस. थंड करडा आणि उबदार तांबूस यांत अंतर स्पष्ट असल्याने ही जोडी जमते. मुख्य नियम हाच: जिना जमिनीशी अगदी एक असावा, नाहीतर उघडपणे वेगळा. ‘जवळजवळ तसाच’ रंग सर्वांत वाईट, कारण तो चुकून आल्यासारखा दिसतो. सागाच्या जमिनीला सागाच्या रंगाची टाइल जिन्यावर लावली की टाइल खोटी पडते आणि खऱ्या लाकडाबद्दलही शंका येते. त्यापेक्षा पायऱ्या दगडाच्या ठेवून फक्त कठड्यावरचा हात धरायचा पट्टा त्याच सागाचा करावा. वरची जमीन आणि खालचा हात एकमेकांना ओळखतात.

नमुना निवडण्याची या भागातली रीत अशी: फरशीचा तुकडा लाकडावर ठेवून त्यावर पाणी ओतायचे. ओला दिसतो तोच रंग पॉलिश केल्यावर उरतो. कोरडा फिका रंग पाहून घेतलेली फरशी घरात गेल्यावर गडद झालेली दिसते. तुकडा दुपारच्या उजेडातही पाहावा आणि संध्याकाळच्या दिव्यातही, कारण पांढऱ्या दिव्याखाली करडा निळा होतो. शहाबादी चुनखडीच असल्याने लिंबाचा थेंब किंवा चिंचेचे पाणी सांडले, की पॉलिशवर पांढुरका डाग पडतो. फरशी धुण्याचे अॅसिड जिन्यावर वापरू नये, दुकानदार काहीही सांगो. पायरीला घोटीव चकाकी देणेही टाळावे: ओल्या पायाने घसरते. टाकी मारलेली खडबडीत फरशी किंवा किमान पुढची कड खडबडीत ठेवलेली बरी.

बीदरचा जांभा पायरीसाठी मोहात पाडतो, कारण किल्ल्याचा तांबडा रंग सागाच्या घरातला. किल्ल्याच्या सभोवारचा तिहेरी खंदक याच दगडात खोदलेला आहे. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो. पण अंगात भोके राहतात आणि कडा झिजतात. खालचा चौथरा, अंगणातली पायरी इथे तो शोभतो. घरातल्या रोजच्या वर्दळीला नाही. तोच तांबडा हवा असेल, तर लाल ऑक्साइडचा कोबा कर्नाटकात जुना आणि स्वस्त पर्याय आहे. सागाजवळ तो भारदस्त दिसतो, मात्र भिंत पांढरी हवी.

काळ्याचा धडा बीदरमध्येच आहे. किल्ल्यातील रंगीन महाल अली बरीदशाहाने (कारकीर्द १५४२–१५८०) नव्याने सजवला. तिथे कोरीव लाकडी खांब, काळ्या दगडात जडवलेला शिंपला आणि रंगीत टाइल एकाच वास्तूत आहेत. काळा आणि चकचकीत पांढरा यांची हीच जोड बिदरी कामात दिसते: जस्त-तांब्याची भांडी, चांदीची तार आणि किल्ल्यातील मातीने आणलेला काळा. लाकडाजवळ काळा भारी वाटत नाही, पण तो पूर्ण जिन्याला लावू नये. कडप्पा फक्त उभ्या बाजूला लावून पाय ठेवायच्या भागाला करडी फरशी लावली, की पायरी कुठे संपते ते म्हाताऱ्या डोळ्यांनाही कळते.

मापांत राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घरासाठी पायरीची रुंदी किमान २५० मिमी आणि उंची जास्तीत जास्त १९० मिमी सांगते. फरशीची जाडी आधीच हिशोबात धरली नाही, तर पहिली व शेवटची पायरी कमी-जास्त होते आणि ठेच तिथेच लागते. लाकडी पट्ट्या उन्हाळ्यात आकसतात, पावसाळ्यात फुगतात. म्हणून वरच्या पायरीशी त्यांना थोडी फट सोडून वर पितळी किंवा लाकडी पट्टी बसवतात. सागाच्या पायऱ्यांना जवसाचे तेल चालते, फक्त रंग गडद होतो. स्टीलच्या नळ्यांचा कठडा सगळीकडे दिसतो. सागाजवळ तो दवाखान्यासारखा वाटतो.

फरशी एकाच खाणीची, एकाच लॉटची घ्यावी आणि जिन्याला लागतील त्यापेक्षा दोन पायऱ्या जास्त. वर्षभराने त्याच रंगाची मिळत नाही.